एनडीएची लेखी पास, पण दहावीची सनद सापडत नाही

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातून एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा सप्टेंबरमधली एनडीएची, म्हणजे खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, लेखी परीक्षा पास झाला. निकाल लागून नऊ दिवस झाले. आता सैन्याच्या संकेतस्थळावर नोंदणी करायची आहे, पण दहावीची सनद घरात कुठंच सापडत नाही. आधारवर नावाचं स्पेलिंग वेगळं आहे. बारावीची परीक्षा अजून व्हायची आहे. नेट कॅफेवाला म्हणतो, सगळे कागद गोळा झाल्याशिवाय फॉर्म भरू नका. गावातले एक माजी सैनिक म्हणतात, सरपंचाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाईल हे आधी काढा. मुलाचे वडील मुंबईला कामाला असतात, सणासुदीलाच येतात. सह्या त्यांच्याच लागतील का, असंही ताईंनी विचारलंय.

ताई, आधी नोंदणी करा. आजच करा. सनदेचं नंतर बघू.

लेखीचा निकाल लागल्यापासून दोन आठवड्यांच्या आत 'जॉइन इंडियन आर्मी'च्या संकेतस्थळावर नाव नोंदवायचं असतं, हे निकालाच्या पत्रकातच लिहिलेलं असतं. ही नोंदणी झाली की एसएसबीचं, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळासमोरच्या मुलाखतीचं, केंद्र आणि तारीख ईमेलवर येते. नोंदणीच नाही केली तर बोलावणं येत नाही, आणि का आलं नाही हे विचारायला कुणी घरी येत नाही. चौदातले नऊ दिवस गेले, पाच राहिले. त्यातला शेवटचा दिवस मी मोजतच नाही, कारण त्या दिवशी संकेतस्थळ चालेल याची खात्री नसते आणि ओटीपी तर तासाभरानं येतो.

या पायरीवर माहिती लागते, सनद हातात असावी लागत नाही. बोर्ड, वर्ष, बैठक क्रमांक, टक्के हे सगळं गुणपत्रिकेवर आहे. गुणपत्रिकाही सापडत नसेल तर डिजिलॉकर उघडा किंवा राज्य मंडळाचं ऑनलाइन गुणपत्रिकेचं संकेतस्थळ बघा, तिथून माहिती मिळते. मुलानं पूर्वी कधी त्याच संकेतस्थळावर खातं उघडलं असेल, एखाद्या भरतीसाठी म्हणा, तर पुन्हा नवीन उघडू नका. जुनंच चालतं. दोन खाती झाली की मग कुठल्या खात्याशी कुठला ईमेल जोडलाय याचा घोळ निस्तरत बसावं लागतं.

हे मी इतकं ठासून सांगतो त्याला कारण आहे. चोवीस वर्षं मी फौजेत क्लार्क होतो, आणि पेन्शनीत आल्यापासून गेली पंधरा वर्षं आमच्या भागातल्या पोरांच्या फायली बघतो. कागद नव्हता म्हणून बाहेर पडलेली पोरं मी फार थोडी पाहिलीत. कागद गोळा करता करता तारीख चुकलेली मात्र पुष्कळ. एक पोरगा तर लेखीत चांगला वर होता. त्याच्या घरी नेमका हाच प्रश्न होता, सनद नाही. बाप रोज शाळेत जायचा, शाळेतला माणूस उद्या या म्हणायचा, आणि सनद मिळाली तेव्हा सोळावा दिवस होता. पुढच्या खेपेला त्याची लेखीच निघाली नाही.

नोंदणी करताना ईमेल आणि मोबाईल नंबर मुलाचा स्वतःचा टाका. कॅफेवाला घाईत स्वतःचा टाकतो, पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. मग एसएसबीची तारीख येते ती त्याच्या इनबॉक्समध्ये, सातबारा आणि पीक विम्याच्या मेलखाली. दर दोन दिवसांनी मेल बघायचा, स्पॅमचा कप्पाही बघायचा. हे काम मुलालाच सांगा.

आता सनद.

मला विचाराल तर ती हरवलेली नाहीच. ती शाळेत आहे. आपल्या राज्य मंडळाची गुणपत्रिका वेगळी आणि प्रमाणपत्र, म्हणजे ज्याला आपण सनद म्हणतो, ते वेगळं. मंडळाकडून सनदांचा गठ्ठा शाळेत येतो, तोवर पोरगं दाखला आणि गुणपत्रिका घेऊन अकरावीला दुसऱ्या गावी गेलेलं असतं. पुन्हा त्या शाळेत कोण जातो? गठ्ठा कपाटात पडून राहतो. माझ्याकडे 'सनद हरवली' म्हणून आलेल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या सनदा शाळेच्या कपाटातून निघाल्यात. तेव्हा उद्या सकाळी मुलालाच शाळेत पाठवा, गुणपत्रिका आणि ओळखपत्र घेऊन. तो हॉस्टेलला असेल तर त्याच्या सहीचं अधिकारपत्र घेऊन तुम्ही जा. क्लार्क म्हणेल, आमच्याकडे नाही. तेव्हा सनद वाटपाचं रजिस्टर दाखवायला सांगा, नम्रपणे. मुलाच्या नावासमोर सही नसेल तर सनद दिली गेलेली नाही, एवढं त्यात दिसतं. (सीबीएसईची मुलं यातून सुटलीत. त्यांची गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र एकाच कागदावर असतं, जन्मतारखेसकट.)

खरंच हरवली असेल, तर पोलीस ठाण्यात हरवल्याची नोंद करून तिची प्रत घ्या, आणि शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करा. सातारा जिल्हा कोल्हापूर विभागीय मंडळात येतो. पैसे भरल्याची पावती आणि अर्जाची पोच जपून ठेवा. दुसऱ्या प्रतीवर तसा शिक्का असतो, त्यानं काही बिघडत नाही. २०१९ च्या पुरात सांगलीकडच्या कितीतरी घरांतले कागद पाण्यात गेले, त्यांनी हाच रस्ता धरला.

आणि दुसरी प्रत एसएसबीच्या आधी हातात आली नाही तर? सनदेचं काम काय आहे ते आधी समजून घ्या. ही परीक्षा घेणारा केंद्रीय लोकसेवा आयोग (यूपीएससी) जन्मतारीख मानतो ती मॅट्रिकच्या, म्हणजे दहावीच्या प्रमाणपत्रावरची. जन्मदाखला, कुंडली, प्रतिज्ञापत्र यांना तो धरत नाही, हे त्यांच्या सूचनेत स्वच्छ लिहिलंय. सनदेवर जन्मतारीख असते म्हणून ती हवी. पण त्याच सूचनेत आणखी एक वाट दिलेली आहे, जी कुणी वाचत नाही. काही मंडळांच्या प्रमाणपत्रावर जन्मतारीख नसते. अशा वेळी मुख्याध्यापकांनी शाळेच्या प्रवेश रजिस्टरवरून दिलेलं जन्मतारखेचं प्रमाणपत्र सोबत जोडायचं असतं. तुमचं प्रकरण तंतोतंत तसं नाही, पण मुख्याध्यापकांच्या अशा पत्राला तिथं काय किंमत आहे हे त्यावरून कळतं. म्हणून सनद नसेल तर मुलाच्या हातात हा संच द्या: गुणपत्रिका मूळ, शाळा सोडल्याचा दाखला, जनरल रजिस्टरवरून जन्मतारखेचं प्रमाणपत्र (शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक, गोल शिक्का आणि सहीसकट), दुसऱ्या प्रतीच्या अर्जाची पोच, आणि एक साधा अर्ज की सनद अमुक तारखेपर्यंत सादर करतो. तिथला अधिकारी मान्य करील की नाही हे त्याच्या हातात आहे, मी खात्री देणार नाही. पण जो मुलगा हजेरीलाच स्वतः पुढं होऊन 'साहेब, माझा हा कागद नाही, त्याऐवजी हे आणलंय' म्हणतो, त्याचं ऐकून घेतलं जातं. विचारल्यावर खिसे चाचपणाऱ्याचं तसं होत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी सुचवली तरी करू नका. कॅफेत सनदेची पीडीएफ 'तयार करून' मिळते. पाचशे रुपयांत तारीखही बदलून मिळते म्हणे. खोटा कागद पकडला गेला तर ही परीक्षा जातेच, पुढच्या परीक्षांनाही बंदी येऊ शकते.

जन्मतारखेवरून आठवलं. तुमच्या मुलाची तारीख १ जून तर नाही ना? हसू नका. आपल्याकडे गुरुजींनी शाळेत नाव घालताना सरसकट १ जून लावलेली पिढी गेली असं म्हणतात, पण पूर्ण गेलेली नाही. आणि नगरपालिकेच्या जन्मदाखल्यावर वेगळी, सनदेवर वेगळी अशी तारीख असलेली पोरं अजून येतात. एनडीएला वयाची खिडकी फक्त तीन वर्षांची आहे. सप्टेंबर २०२५ च्या परीक्षेला १ जानेवारी २००७ ते १ जानेवारी २०१० या काळात जन्मलेलीच मुलं बसू शकत होती. त्यामुळं तारखेला हात लावायचा मोह होतो. शाळा सोडल्यावर जनरल रजिस्टरातली तारीख बदलणं फार अवघड, आणि आयोगाकडे एकदा नोंदली गेलेली तारीख नंतर बदलून मिळत नाही. सनदेवर जी आहे ती धरून चला, बाकीचे कागद तिच्याकडे वळवा.

नावाचंही तसंच. आधारवर तुमच्या मुलाचं नाव दोन 'ई'नं आहे आणि गुणपत्रिकेवर एका 'आय'नं, एवढाच फरक तुम्ही लिहिलाय. हा फरक जवळजवळ प्रत्येक घरात आहे. पण मराठी माणसाचा खरा घोळ वेगळाच असतो, तो नावाच्या क्रमाचा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं. आधारवर मुलाचं, वडिलांचं, आडनाव. फॉर्मवर 'दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे नाव' असं लिहिलेलं असतं, आणि कॅफेवाला आधार समोर ठेवून टंकतो. मग आयोगाकडे एक नाव, सैन्याच्या खात्यावर दुसरं, आणि कॉललेटर हातात आलं की पोरगं घाबरतं. उत्तर प्रदेशातल्या मुलाला हा त्रास नाही, कारण त्याच्या सनदेवर वडिलांचं नाव वेगळ्या ओळीत असतं. आपल्याला आहे. तेव्हा सनदेवर जसं छापलंय तसं, त्याच क्रमानं, सगळीकडे.

आधार दहावीप्रमाणे दुरुस्त करून घ्या, उलटं करायला जाऊ नका. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून आधार केंद्रात बसल्यावर ऑपरेटरनं टंकलेलं अक्षर न् अक्षर पडद्यावर वाचून घ्या. मग हो म्हणा. मुलाचे पंधराव्या वर्षीचे बोटांचे ठसे दिले नसतील तर तेही त्याच फेरीत उरका. पावतीवरचा क्रमांक जपा. दुरुस्ती एसएसबीच्या आधी झाली नाही तर पावती आणि 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं नोटरीकडचं प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. स्पेलिंगच्या फरकाला एवढं पुरतं. गॅझेटमध्ये नाव बदलायचा सल्ला कुणी देईल तर ऐकू नका. गॅझेट लागतं नाव खरोखर बदललं असेल तेव्हा, म्हणजे दत्तक गेला, आडनाव बदललं, अशा वेळी. स्पेलिंगसाठी गॅझेट करून ठेवलेल्या एका मुलाला पुढं कायम तीन नावं सांभाळावी लागली. सनदेवरचं, आधारवरचं आणि गॅझेटमधलं.

आता बारावी. माझ्या मते खरा धोका इथं आहे, आणि तुम्ही त्याबद्दल एकच ओळ लिहिली आहे.

सप्टेंबरची परीक्षा देणाऱ्याचा कोर्स पुढच्या जुलैत सुरू होतो. बारावीत शिकत असतानाच परीक्षा देता येते, पण पास झाल्याचा पुरावा जूनमधल्या एका ठरावीक तारखेपर्यंत पोचवावा लागतो. ती तारीख त्या परीक्षेच्या मूळ सूचनेत छापलेली असते. आज रात्री ती शोधून काढा आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनानं खूण करा. सूचनेत पुढं असंही लिहिलंय की बोर्डाची परीक्षा उशिरा झाली, निकाल उशिरा लागला, अशा कुठल्याही कारणानं ही तारीख वाढवून मिळणार नाही. मी ते वाक्य पोरांना मोठ्यानं वाचायला लावतो.

आपल्या राज्य मंडळाचा बारावीचा निकाल २०२२ मध्ये ८ जूनला लागला होता. २०२३ मध्ये २५ मेला, २०२४ मध्ये २१ मेला, २०२५ मध्ये ५ मेला. म्हणजे कधी हातात महिनाभर तरी असतो, कधी जेमतेम काही दिवस. त्यात ऑनलाइन निकालाची प्रिंट म्हणजे गुणपत्रिका नव्हे. कॉलेजात गुणपत्रिका येते ती आणखी काही दिवसांनी, आणि सनद त्याहून पुढं. या मधल्या दिवसांसाठी एक सोय आहे. बोर्डानं अजून प्रमाणपत्र दिलेलं नसेल तर प्राचार्यांनी दिलेलं मूळ प्रमाणपत्र चालतं. मूळ. त्या पत्राची झेरॉक्स किंवा सत्यप्रत चालत नाही असं सूचनेत वेगळं सांगितलंय, कारण आपण नेमकं तेच करतो: मूळ पत्र घरात फाईलला लावतो आणि झेरॉक्स पाठवतो.

तेव्हा निकालाच्या दिवशीच कॉलेजात जा. प्राचार्य सुट्टीवर गावी गेलेले असतात, मे महिना असतो. म्हणून मार्चमध्ये, शेवटचा पेपर झाला की, त्यांना भेटून सांगून ठेवा की असं पत्र लागणार आहे आणि ते नसतील तर सही कोणाची. पत्राचा मसुदा तुम्हीच टंकून न्या. विषयवार गुण, बैठक क्रमांक, पास झाल्याचं स्पष्ट वाक्य. हवाई दल, नौदल यांना पसंती दिली असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हे तिन्ही विषय त्यात दिसले पाहिजेत. नुसत्या भूदलासाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते.

हा पुरावा लोकसेवा आयोगाला पाठवायचा नसतो. ही चूक दरवर्षी होते. परीक्षा आयोगाची म्हणून लोक आयोगाच्या पत्त्यावर पाठवतात आणि निर्धास्त होतात. एसएसबीच्या वेळी मूळ प्रमाणपत्रं दाखवून तपासून झालेली असतील तर पुन्हा काही पाठवायचं नाही. तेव्हा दाखवता आली नसतील तर ती जातात दिल्लीला, आर. के. पुरमच्या वेस्ट ब्लॉक ३ मधल्या सैन्याच्या भरती संचालनालयाकडे. नौदल अकादमीवाल्यांसाठी पत्ता वेगळा, तो सूचनेत बघा. स्पीड पोस्टनंच पाठवा. रजिस्टर्ड पोस्ट मागू नका, ती सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच मिसळली आहे. पाकिटावर परीक्षेचं नाव, रोल नंबर, कोर्स क्रमांक लिहा. पोचल्याचं ट्रॅकिंग मोबाईलवर दिसलं की त्याचा स्क्रीनशॉट घ्या. शेवटच्या तारखेच्या आत पोस्टात टाकलं म्हणजे झालं असं नाही, पोचलं पाहिजे. दहिवडीहून दिल्लीला किती दिवस लागतात ते तुमच्या पोस्टमास्तरांना विचारून त्यात चार मिळवा.

एसएसबीची तारीख आणि बारावीची परीक्षा यांची टक्कर होते, तीही आत्ताच बघून ठेवा. प्रात्यक्षिकं, मग फेब्रुवारीत लेखी. संकेतस्थळावर तारीख निवडायची सोय उघडली की परीक्षेच्या आधीची किंवा नंतरची बॅच घ्या. उशीर केला तर राहिलेली घ्यावी लागते. टक्कर झालीच तर बारावीचं हॉल तिकीट जोडून केंद्राला ईमेल करा, तारखेच्या बऱ्याच आधी. दुसरी तारीख कधी मिळते, कधी नाही. गैरहजर राहून नंतर कारण सांगणाऱ्याला कधीच मिळत नाही. बारावी व्हायची असताना एसएसबीला जाणाऱ्यानं कॉलेजचं बोनाफाईड, त्यात 'बारावीच्या परीक्षेला बसत आहे' असं लिहिलेलं, सोबत न्यावं.

गावातल्या त्या माजी सैनिकांबद्दल. त्यांचं चुकलं नाही, ते जवानांच्या भरतीबद्दल बोलतायत. आपल्या जिल्ह्यात घरोघरी जवान आहेत, त्यामुळं 'मिलिटरीचे कागद' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढं मैदानावरची भरती येते: डोमिसाईल, जातीचा दाखला, सरपंचाचा चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला. एनडीएच्या परीक्षेत जातीनिहाय आरक्षण नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना आणि मुलींना अर्जाचे शंभर रुपये माफ आहेत, एवढाच जातीच्या दाखल्याचा संबंध. नॉन क्रिमीलेअरसाठी सेतूत हेलपाटे घालू नका, त्याचा इथं काही उपयोग नाही. कॉललेटर आलं की त्यावर काय आणायचं त्याची यादी असते. ती यादी म्हणजे कायदा. माझं, माजी सैनिकांचं आणि यूट्यूबवाल्यांचं त्यानंतर ऐकायचं. फोटो किती, सत्यप्रती किती आणि कुणी साक्षांकित केलेल्या, ते त्यातच असतं.

मूळ कागद लॅमिनेट करू नका. केले असतील तर राहू द्या, सोलायला जाऊ नका, फाटतात. प्रवासात मूळ कागदांची फाईल पाठीवरच्या सॅकमध्ये, ट्रंकेत नाही. भोपाळला उतरताना ट्रंक बर्थखाली विसरलेला पोरगा मला माहीत आहे. ट्रंक पुढच्या स्टेशनवर उतरवून परत मिळाली, पण पहिल्या दिवसाची हजेरी तिच्यासाठी थांबली नाही. आणि निघण्याआधी प्रत्येक कागदाचा फोटो मुलानं स्वतःलाच ईमेल करून ठेवावा.

हे वाचणाऱ्यांपैकी काही जण अजून अर्जाच्याच पायरीवर असतील, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. बँकेत रोख पैसे भरायचे असतील तर तो पर्याय शेवटच्या तारखेच्या आदल्या रात्रीच बंद होतो. आणि पैसे कापले गेले पण आयोगाकडे पोचले नाहीत, असे अर्ज बाद धरले जातात. त्यांची यादी आयोग संकेतस्थळावर लावतो, आणि त्यानंतर दहा दिवसांत पैसे भरल्याचा पुरावा दिला तर अर्ज पुन्हा जिवंत होतो. यादी बघायलाच कुणी जात नाही. बँकेचं पासबुक भरून ठेवा. प्रवेशपत्रावर फोटो पुसट आला असेल तर रडत बसू नका, ओळखपत्र आणि दोन पासपोर्ट फोटो घेऊन केंद्रावर जा, तिथं हमीपत्र लिहून घेऊन बसवतात.

एसएसबीतून निवड झाली तर पुढं वैद्यकीय तपासणी. तात्पुरतं अपात्र ठरवलं तर अपील मंडळासमोर जाण्याची मुदत असते, ४२ दिवसांची. त्या कागदावर कुठल्या लष्करी रुग्णालयात जायचं ते लिहून देतात. इथंही लोक आधी गावच्या डॉक्टरकडून 'फिट' प्रमाणपत्र आणायला धावतात आणि दिवस घालवतात. आधी रुग्णालयात संपर्क करून तारीख घ्या, उपचार त्या तारखेच्या हिशोबानं. गुणवत्ता यादीत नाव आलं तरी जन्मतारीख आणि शिक्षणाचे कागद पूर्ण होईपर्यंत उमेदवारी तात्पुरतीच असते, आणि यादीनंतर पत्ता बदलला तर तो सैन्याच्या मुख्यालयाला कळवायचा. तुम्ही भाड्याच्या घरात असाल तर हे लक्षात ठेवा, खडकवासल्याचं पत्र जुन्या घरमालकाकडे जायला नको.

राहिला सह्यांचा प्रश्न. कॉललेटरसोबत एक जोखीम प्रमाणपत्र येतं. एसएसबीत मैदानावरचे अडथळे असतात, त्यात इजा झाली तर भरपाई मागणार नाही, असा त्याचा मतलब. मुलगा अठराच्या आतला आहे, म्हणून पालकाची सही लागते. पालक म्हणजे वडीलच असं नाही. तुमची चालते ताई, मराठीत केली तरी. त्यासाठी मुंबईच्या गाडीची वाट बघू नका. फक्त पेन्सिलीनं आधी कच्ची करून बघू नका, त्या खुणा पुसल्या तरी दिसतात. निळ्या किंवा काळ्या पेनानं एकदाच करा, आणि नाव तेच लिहा जे मुलाच्या गुणपत्रिकेवर आईच्या रकान्यात छापलंय.